गोऱ्हा कोणी विकायचा?

महिला मंडळाच्या बैठकीत एक साधी गोष्ट करून पाहावी. जमलेल्या बायांना विचारावं, घरातल्या जनावरांचं शेणघाण कोण काढतं? सगळे हात वर होतात. वैरण कोण कापून आणतं? गाय व्यायला झाली की रात्री तिच्यापाशी कोण बसतं? वासराला चीक कोण पाजतं? हात वरच असतात. मग विचारावं, घरातलं शेवटचं जनावर विकलं तेव्हा बाजारात कोण गेलं होतं? हात खाली येतात. कितीला विकलं? एखादी सांगते, "मालक म्हणाले, बारा हजाराला." नवऱ्याला 'मालक' म्हणायची आपल्याकडची रीत इथे अगदी शब्दशः खरी असते.

या लेखाचा विषय एवढाच आहे. दुधावरून तुटलेलं वासरू, त्यातही नर वासरू, कधी विकायचं, कोणाला विकायचं आणि कितीला विकायचं, हा निर्णय कोणाचा? काही मैत्रिणींना वाटेल, हा विषय पशुसंवर्धन खात्याचा. आपल्या अंकात त्याचं काय काम? माझं म्हणणं असं, की मालमत्तेवरच्या हक्काची जी चर्चा आपण इतकी वर्षं करतो आहोत, तिचाच हा राहून गेलेला भाग आहे.

१९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. पुढे शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. सातबाऱ्यावर बाईचं नाव हवं, ही मागणी आज निदान कोणी हसून उडवून लावत नाही. पण ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांचं काय? भूमिहीन घरात, एक-दीड एकराच्या कोरडवाहू घरात आठवड्याभरात विकून पैसा उभा करता येईल अशी एकच मालमत्ता असते, ती दावणीला बांधलेली. मुलीची फी, सासूचं ऑपरेशन, सावकाराचं व्याज, सगळं त्या दावणीतून निघतं. त्या मालमत्तेवर बाईचा हक्क किती, हे आपण फारसं विचारलेलंच नाही.

वाढवणारी एक, विकणारा दुसरा

वासरू वाढवणं म्हणजे काय, ते आधी मांडू. जन्मल्यावर तासाभरात त्याच्या पोटात चीक जावा लागतो. उशीर झाला की ते रोगाला बळी पडतं. नाळेला आयोडीन लावायचं. पहिले काही आठवडे रोज त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध द्यायचं. दोन आठवड्यांनंतर कोवळी वैरण आणि थोडा भरडा तोंडाशी न्यायचा, वेळच्या वेळी जंताचं औषध पाजायचं, हगवण लागली तर रात्र जागायची. तीन महिन्यांच्या सुमारास दूध तोडायचं. तेही एकदम नाही, हळूहळू. नाहीतर वासरू खंगतं.

देशी गाय आणि म्हैस तर वासरू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. मग डेअरीला किती घालायचं आणि एखादा सड वासरासाठी सोडायचा की नाही, हे धार काढणारी बाई ठरवते. दिवसातून दोन वेळा ठरवते. म्हणजे तिला निर्णय घेता येत नाही, हिशेब कळत नाही, असं म्हणायला काही आधार नाही. तीन महिने ती हिशेबच करत असते. कोणतं वासरू अंग धरेल, कोणतं नुसतं पोट वाढवेल, हे तिला जितकं कळतं तितकं घरात दुसऱ्या कोणाला कळत नाही.

आणि नेमकं ज्या दिवशी वासरू दुधावरून सुटतं, चाऱ्यावर उभं राहतं, म्हणजे ज्या दिवशी त्याला किंमत येते, त्या दिवशी ते 'मालकाचं' होतं. गावात पाहिलं तर एक नियमच दिसतो. कोंबडी-अंड्यांचे पैसे बाईचे. शेळीचे पैसे दोघांचे. गाई-म्हशींचे पैसे पुरुषाचे. शेळी 'बाईची' म्हणतात, पण बकरी ईदच्या आधी बोकडाला चांगला भाव आला की तोही दोरीसकट पुरुषाच्या हातात जातो. जनावराला बाईनं किती राबून वाढवलं यावर हा हक्क ठरत नाही. रक्कम किती मोठी यावर ठरतो.

खिलार खोंडाचं उदाहरण घ्या. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाला पुन्हा मोल आलं. त्या खोंडाला लहानपणी दूध, अंडी हातानं भरवणारी बाई असते. शर्यतीच्या घाटात, फ्लेक्सवर आणि सौद्यात ती कुठेही नसते.

यात बचत गटांचाही हिशेब पाहायला हवा, कारण ते काम आपणच उभं केलं आहे. गाय घ्यायला गटातून कर्ज काढलं जातं. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता तिच्या गळ्यात, हप्ता चुकला तर बैठकीत मान खाली घालायची तिनं. त्या गाईचं वासरू विकल्याचे पैसे मात्र हप्त्याकडे वळतीलच असं नाही. कर्ज तिचं आणि विक्री त्याची, ही वाटणी आपण चालवून घेतली, तर ज्याला आपण सक्षमीकरण म्हणतो ते बिनपगारी गुराखीपण ठरेल.

घरात मुलगा, गोठ्यात कालवड

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला आणि त्यासाठी आपल्यातल्या अनेकजणी लढल्या. आज गोठ्यात उलटं चित्र आहे. कालवडच व्हावी म्हणून लिंगनिर्धारित रेतमात्रा सरकार सवलतीत देतं. त्यातून दहापैकी नऊ वासरं मादी होतात असं सांगितलं जातं. जनावर आणि माणूस यांची तुलना मला करायची नाही. पण दोन्हीकडचा विचार ओळखीचा आहे: मालकाला ज्याचा उपयोग, त्याला जगायचा हक्क.

जर्सी किंवा होल्स्टीन संकरित नर वासराला आज जवळपास कोणी वाली नाही. त्याला वशिंड नसल्यानं जूही नीट बसत नाही, शिवाय नांगरटीला ट्रॅक्टर आला आहे. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये देशातल्या गाय-बैलांपैकी नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली, माद्यांची १८ टक्क्यांनी वाढली. ही घट काही सगळी रेतमात्रांनी झालेली नाही.

हिशेब मांडून पाहा. संकरित वासराला तीन महिन्यांत साधारण अडीचशे लिटर दूध लागतं. लिटरला तीस रुपये धरले तरी साडेसात हजार रुपये होतात. कालवडीत ते परत येतात. गोऱ्ह्यात येतील याची खात्री नाही. मग घरात कोणी उघड काही बोलत नाही. "बघ जमेल तसं," एवढंच सांगितलं जातं, आणि दुधाचं माप हळूहळू कमी होतं. वासरू 'आपोआप' मरतं. माप कमी करणारा हात बाईचा असतो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून स्वतःच्या मुलाबाळांसाठी हात जोडणारी बाईही तीच असते. निर्णय बाजारानं आणि घरधन्यानं घ्यायचा आणि पाप तिच्या माथी यायचं, हे मी कमी बोलणाऱ्या बायांच्या तोंडून ऐकलं आहे. त्याला 'बायकांचा हळवेपणा' म्हणून बाजूला सारता येणार नाही.

कायद्यानं काय केलं

महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यानं गाय आणि तिच्या वासरांच्या कत्तलीवर बंदी होती. बैल आणि वळू दाखला घेऊन विकता येत. १९९५ मध्ये विधिमंडळानं दुरुस्ती मंजूर केली, तिला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही बंदीत आले. कत्तलीसाठी विकणं, विकत घेणं, राज्याबाहेर पाठवणं गुन्हा ठरलं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्याबाहेरून आलेलं गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली, पण कत्तलबंदी कायम ठेवली. मे २०१७ मध्ये केंद्रानं नियम काढून बाजारात कत्तलीसाठी गाय-म्हैस विकणं आणि कोवळी वासरं आणणंच बंद करू पाहिलं. त्या नियमांना त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर स्थगिती दिली.

या सगळ्या काळात वाद झाला तो धर्माचा, आहाराचा आणि व्यापाराचा. तो व्हायलाच हवा होता. दलित आणि मुस्लिम घरांतलं स्वस्त प्रथिन गेलं, कातड्याचा धंदा बसला, रस्त्यात अडवून माणसांना मारहाण झाली. पण दावणीपाशी काय झालं? गोऱ्ह्याचं गिऱ्हाईक गेलं. उघड भाव गेला आणि चोरटा भाव आला. चोरट्या व्यवहारात घेणारा जोखमीचे पैसे कापून घेतो, आणि ते कापले जातात वाढवणाऱ्याच्या हिश्शातून. रात्री अंधारात टेम्पो येणार, कागद नाही, पावती नाही. अशा व्यवहारात बाईला उभंही करत नाहीत. कायद्यानं विक्री जितकी अंधारात ढकलली, तितकी बाई तिच्यापासून दूर गेली. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी तथाकथित गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून राज्यभर जनावरांची खरेदीच बंद ठेवली. तेव्हा बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यांनाही कळलं, की ज्याला आपण 'खाटीक' म्हणून नाक मुरडतो, त्याच्या पैशावर आपली पेरणी उभी असते. कुरेशी घरांतल्या बायांची चूल त्या दिवसांत कशी पेटली, हे विचारायला मात्र कोणी गेल्याचं दिसलं नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला राज्यानं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपयांचं अनुदान ठरवलं. चांगली गोष्ट. पण तेच जनावर तीन-चार वर्षं स्वतःच्या भाकरीतला तुकडा मोडून सांभाळणाऱ्या बाईला रोज किती रुपये? शून्य. माझं स्वतःचं मत विचाराल तर २०१५ ची बंदी मागे घ्यावी. ते मत ज्यांना मान्य नाही, त्यांनी निदान एवढं मान्य करावं: न विकता येणारं जनावर सांभाळणं हे राज्यानं लादलेलं काम आहे, आणि ते काम बाई करते. त्याचा मोबदला गोशाळेच्या आधी गोठ्यात यायला हवा.

कधी विकायचं, कसं विकायचं

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज आपल्या हातात काय आहे? म्हशीचं रेडकू आणि शेळीचा बोकड यांची विक्री आजही उघड होते (म्हैसवर्गाच्या कत्तलीला दाखला लागतो). गोऱ्हाही शेतीकामासाठी आणि पैदाशीसाठी विकता येतो. तेव्हा गटांच्या बैठकीत या विक्रीची चर्चा व्हायला हवी.

पहिला प्रश्न कधीचा. नड आली की विकलं, अशी बहुतेक घरांतली रीत. व्यापाऱ्याला नड लांबून कळते. जूनमध्ये शाळा-पेरणीच्या तोंडावर, किंवा दुष्काळात कडबा संपल्यावर बाजारात जनावरं वाढतात आणि भाव पडतो. म्हणून ठरवायचं दूध तुटायच्या दिवशीच: पुढचे सहा महिने पुरेल इतकी वैरण घरात आहे का? नसेल तर अंगावर मांस आहे तोवर विकावं. खंगल्यावर विकलं तर आधी पाजलेलं दूधही वाया जातं. वैरण असेल तर सणाचा हिशेब करावा. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणून मागच्या वर्षीचा महिना धरून बसू नये. कामाच्या खोंडाला पेरणीच्या आधी मागणी असते आणि त्याचा भाव दातांवर ठरतो. आदत की दुसा, हे आपल्यालाच माहीत नसेल तर समोरचा सांगेल ते खरं.

दुसरा प्रश्न कसा. आपल्याकडे गुरांचा सौदा डोळ्यांच्या अंदाजावर होतो. कित्येक बाजारांत आजही उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून भाव ठरतो. हेडी आणि व्यापारी यांच्यातल्या त्या बोटांच्या भाषेला बाई परकी आहे. परक्या पुरुषाच्या हातात हात ती देणार कशी? म्हणजे रीतच अशी आहे, की बाईला 'येऊ नको' असं कोणी म्हणायचीही गरज पडत नाही. जिथे मांसासाठी वासरं पाळण्याचा धंदा उघड चालतो, त्या अमेरिकेसारख्या देशांत दूध तुटलेलं वासरू काट्यावर चढवून वजनावर विकतात. आपल्या बाजार समित्यांना एक काटा बसवायला काय अडचण आहे?

काटा येईपर्यंत शिंप्याची टेप पुरेल. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, आणि ६६० नं भागा. आलेला आकडा साधारण वजन, किलोत. घेर ४० आणि लांबी ३६ असेल तर ८७ किलो. हा अंदाजच आहे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरा, आणि तो आपला आहे. गटातल्या शाळेत जाणाऱ्या मुलींना हे शिकवलं तर गावातल्या प्रत्येक वासराचं वजन महिन्याला वहीत येईल. मग पाचसहाजणींनी मिळून दावणीवर दोन व्यापारी बोलवावेत. एकटीचा सौदा आणि सहाजणींचा सौदा यांत फरक पडतोच.

"बाजारात बायकांसारखं वातावरण नसतं," असं सांगितलं जातं. त्याच आठवडी बाजारात भाजी, कोंबड्या, सुकी मासळी बायाच विकतात. वातावरण बिघडतं ते गुरांच्या बाजूला, कारण तिथे पैसा मोठा. तिथे बायांसाठी संडास नाही, सावली नाही, पाणी नाही. बाजार समितीच्या संचालक मंडळावर महिलांसाठी राखीव जागा आहेत. त्या जागांवर बसलेल्या बायांना आपण या मागण्या घेऊन भेटलो आहोत का?

टॅगवर नाव कोणाचं?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जनावराला आजवर सातबारा नव्हता; मालकी तोंडी होती. आता ती कागदावर येते आहे. जनावराच्या कानात बारा अंकी टॅग मारला जातो आणि त्याची नोंद 'भारत पशुधन' प्रणालीत मालकाच्या नावानं आणि मोबाइल नंबरानं होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅगशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही असं ठरलं. म्हणजे उद्या विमा, नुकसानभरपाई, पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड, यांसाठी मालकी सिद्ध करताना ही नोंद पुढे येणार. ती आत्ता कोणाच्या नावानं होते आहे? टॅग मारायला डॉक्टर येतात, दावणीपाशी वासरू धरून बाई उभी असते, आणि विचारलं जातं, "मालकाचं नाव सांगा." ती नवऱ्याचं नाव सांगते, कारण प्रश्नच तसा आहे.

जमिनीच्या नोंदी झाल्या तेव्हा आपण तिथे नव्हतो. मग ते नाव बदलायला दोन पिढ्या भांडावं लागलं, अजूनही भांडतोच आहोत. जनावरांच्या नोंदी आपल्या डोळ्यांदेखत होत आहेत. तेव्हा या अंकाच्या वाचक गटांनी पुढच्या तीन महिन्यांत एवढं करावं, असं मी सुचवते. गटाच्या कर्जातून घेतलेलं प्रत्येक जनावर आणि त्याची वासरं बाईच्या नावानं नोंदवावीत. आधीच्या नोंदी बदलून घ्याव्यात. ग्रामपंचायत विक्रीचा दाखला देते तेव्हा घरातल्या बाईची सही लागेल, असा ठराव महिला ग्रामसभेत मांडावा. पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना निवेदन देऊन जनावराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावं लागतील अशी सोय मागावी. बाजार समितीकडे काटा, पावती आणि बायांसाठी सोयी मागाव्यात. जिथे गोऱ्हा विकला जात नाही, तिथे तो किती महिने सांभाळला आणि किती वैरण लागली, याची नोंद वहीत ठेवावी. मोबदला मागायला त्याच नोंदी लागतील.

सही असली म्हणजे निर्णय आपोआप बाईचा होतो, असं नाही; सातबाऱ्यावर नाव आल्यावरही कित्येकींचा अंगठा दुसऱ्याच्या सांगण्यावरून उठला. म्हणून नावाबरोबर बैठकीतली चर्चा हवी, वहीतलं वजन हवं, बाजारात सोबतीला दोघी-तिघी हव्यात. २०२६ हे साल संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्तानं भाषणं होतील, सत्कार होतील. सत्काराला बोलावलं तर जरूर जावं, आणि शाल घेताना विचारावं: गावात आजवर किती टॅग मारले, आणि त्यांतले बाईच्या नावावर किती? तो आकडा ज्या गटाकडे येईल, त्यांनी या अंकाकडे जरूर पाठवावा.